खोडलेली ओळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मिस्सा म्हणताना वाटतं, ऐकणारं पलीकडे कुणीच नाही.’ वेदीवर ती उपासना चालवताना हेच वाक्य मी धर्मगुरूपदाच्या दीक्षेनंतर अकराव्या वर्षी मनात म्हटलं होतं, आणि पुढची सहा वर्षं कुणापाशी बोललो नाही.

त्या सहा वर्षांत मी एका सिद्धान्ताच्या आड लपलो. सेमिनरीत धर्मगुरूपदाचं शिक्षण घेताना तूही तो शिकलास. रोमन सत्तेनं ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या काळात भिऊन पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या बिशपांनी दिलेली दीक्षा खरी की खोटी, यावरून उत्तर आफ्रिकेत वाद पेटला होता. इ. स. 314 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या आर्लच्या धर्मसभेनं ती ग्राह्य धरली. पुढे संत ऑगस्टीननं त्यामागचा विचार मांडला: साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, देणारा खरा ख्रिस्त, धर्मगुरू निमित्तमात्र. म्हणजे तुझं मन कितीही कोरडं असो, रांगेतल्या आजीला मिळणारा ख्रिस्तप्रसाद उणा होत नाही. केवढा दिलासा! मी मात्र त्याची पळवाट केली. लोकांना मिळतंय ना, मग माझं मी बघेन. रविवारची शेवटची मिस्सा संपली, चर्चला कुलूप लागलं, की खोलीत अंधार करून बसायचो. पापनिवेदनाला जायचो, पण दर वेळी नव्या फादरकडे. सगळी कहाणी कुणा एकाला कळू नये, एवढीच काळजी.

तुला कुणीतरी मदर तेरेसांचा दाखला देईलच. जवळजवळ पन्नास वर्षं देव जवळ असल्याचं त्यांना जाणवत नव्हतं. 2007 साली त्यांची पत्रं छापली गेली तेव्हा जगाला ते समजलं. पण ती पत्रं होती कुणाला? बरीचशी त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना. अंधार त्यांनीही सोसला, पण सांगून सोसला. म्हणून म्हणतो, एकच फादर धर आणि त्याच्याकडेच जात राहा. तो फार विद्वान नसला तरी चालेल, ऐकून घेणारा हवा.

आणि झोप. हसू नकोस. आपण ज्याला श्रद्धेचा पेच म्हणतो, तो पुष्कळदा निव्वळ थकवा असतो. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी तासन्‌तास पापनिवेदन ऐकत. 1853 मध्ये ते रात्री गाव सोडून निघाले, आणि लोकांनी त्यांना माघारी आणलं. त्याच माणसाला 1929 मध्ये धर्मग्रामांच्या, म्हणजे पॅरिशच्या, धर्मगुरूंचा आश्रयदाता संत ठरवलं, याची मला अजून गंमत वाटते.

पत्राच्या शेवटी ब्रह्मचर्याबद्दल एक ओळ लिहून तू ती खोडलीस. शाईच्या खालूनही थोडी वाचता आली. ती ज्या व्यक्तीबद्दल होती, तिचं नाव मला नको. पण ती ओळ पुन्हा लिही, मला नाही तर तुझं पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरला. कुणी आवडणं हे पाप नव्हे. ते एकट्यानं लपवत बसलास तर मात्र पाय घसरायला वेळ लागत नाही.

शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत बायबलमधलं 88 वं स्तोत्र येतं. ते अंधारावरच संपतं. आशेची एकही ओळ शेवटी नाही, तरीही ते आपल्या तोंडी दिलंय. त्या रात्री तुझे स्वतःचे शब्द शोधू नकोस, तेच म्हण. म्हणून झालं की मला फोन कर. मी उशिरापर्यंत जागा असतो.

तुझा,
म्हातारा फादर