पाटल्या मोडून स्टुडिओ? महाराज, जरा थांबा

प्रश्न थोडक्यात: मी गंगाखेडजवळच्या गावात राहतो, वय 29, मृदंग वाजवतो. माघ ते वैशाख सप्ताहांमुळे महिन्याला 25 हजारांपर्यंत मिळतात, पावसाळ्यात 8 हजारही जमत नाहीत. आठ मुलं शिकायला येतात, प्रत्येकी 500 रुपये. परभणीत 6,000 भाड्याच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकायचा आहे, तासाला 500 घेईन. 6 लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी मिळतंय, वरच्या खर्चाला बायकोच्या पाटल्या मोडू म्हणतो. शिवाय एक म्युझिक कंपनी मी बांधलेल्या दहा चाली 40 हजारांत 'सर्व हक्कांसह' मागतेय. काय करू?

महाराज, रामकृष्ण हरी.

आधी स्टुडिओ. या कर्जाचा हप्ता सुमारे 13,960 रुपये बसतो. भाडं तुम्ही 6,000 लिहिलंय, लाइटबिल 2,500 धरा. महिन्याला साडेबावीस हजार गेले आणि घरातला किराणा अजून भरायचाच आहे. तासाला 500 घेणार म्हणता, म्हणजे 45 तास भरले तर नुसती बरोबरी. भजनं रेकॉर्ड करणारी मंडळी तुमच्यासारखीच सीझनला सप्ताहात अडकलेली असतात, आणि मोकळी होतात तेव्हा त्यांचाही हात आखडलेला असतो. बरं, सीझनला स्टुडिओत कोण बसणार? तुम्ही बसलात तर कीर्तनाची बिदागी बुडाली, माणूस ठेवलात तर त्याचा पगार. नका करू. घरातल्याच एका खोलीला गोधड्या लावा, बरा माइक आणि इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी पेटी) घ्या. पाटल्यांना हात न लावता हे जमेल, आणि मृदंगाच्या कणीक लावलेल्या बाजूचा खर्ज नीट पकडला गेला की स्वतःच्या कामापुरतं भागतं.

मला खरी काळजी त्या 40 हजारांची वाटते. अभंगाचे शब्द जनाबाईंचे, तुकोबांचे. त्यावर आज कुणाचाच कॉपीराइट नाही. पण चाल तुम्ही बांधली असेल तर ती तुमची मालमत्ता आहे, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कायदा सांगतो की हक्क विकले तरी चालीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा निम्मा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कंपन्यांना पाठ असतं, म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर' असं छापूनच आणतात. ते दोन शब्द खोडायला लावा: तीन चाली द्या, 5 वर्षांसाठी, आणि रॉयल्टीचं कलम स्पष्ट लिहून घ्या. कंपनी बिथरली तर बिथरू द्या. रॉयल्टी वसूल करायला आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व लागतं, तो अर्ज आधी भरा. परंपरेनं आलेली वारकरी चाल मात्र स्वतःच्या नावावर दाखवू नका. सिनेमाच्या चालीवर बसवलेला अभंग तर नकोच. यूट्यूबवर त्याची कमाई मूळ मालकाकडे वळते.

यूट्यूबचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: शॉर्ट्सचा मार्ग सोडला तर 1,000 सबस्क्राइबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं झाल्याशिवाय जाहिरातीचा पैसा सुरू होत नाही. त्यावर घर चालणार नाही, पण पुढचे शिष्य तिथूनच येतील.

शिष्य हीच तुमची पावसाळ्यातली मिळकत. आज आठ जणांचे 4,000 येतात. मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवा. प्रमाणपत्र दिसलं की पालक फी देताना कुरकुरत नाहीत, आणि मूल मध्येच सुटत नाही. पुण्या-मुंबईत गेलेल्या आपल्याकडच्या घरांतली मुलं ऑनलाइन घ्या, फी महिन्याच्या 1 तारखेला आगाऊ. वीस शिष्य 700 रुपयांनी झाले तर 14 हजार, म्हणजे त्या हप्त्याएवढी रक्कम उलट तुमच्याकडे येते.

बिदागी पाकिटात येते नि पाकिटातच संपते. शक्य तिथे यूपीआयवर घ्या आणि कर लागत नसला तरी रिटर्न भरा. दोन-तीन वर्षांची रिटर्न हातात असली की 14 टक्क्यांवर घासाघीस करायला तोंड राहतं. सीझनच्या दर महिन्याला 7,000 वेगळ्या खात्यात टाका, ते श्रावणाआधी काढायचे नाहीत.

कीर्तन आटोपून रात्री-बेरात्री मोटारसायकलवर गावोगाव फिरता, म्हणून प्रधानमंत्री सुरक्षा विमा उद्याच बँकेत चालू करा. वर्षाला 20 रुपये. अपघातात एक हात गेला तर त्यात 1 लाख मिळतात, जे तुमच्यासाठी फारच कमी आहेत. त्यामुळे सीझनच्या पहिल्या पैशातून 10 लाखांची वेगळी अपघात पॉलिसी घ्या, आणि त्यात कायमचं अपंगत्व धरलंय का, हे सही करण्याआधी एजंटला विचारा.