मांडवीतल्या कॅसिनोत पहिल्यांदाच चाललायस? मग हे वाच

वय २१ पूर्ण हवं. पणजीच्या जेट्टीवरच ओळखपत्र बघतात, मूळ कार्ड जवळ ठेव. बीचवरून थेट हाफ पँट आणि चपलांवर येऊ नकोस, परत पाठवतील.

खरं भान टेबलावर लागतं. चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, घेताना पैसे डीलरच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या, हातात द्यायचे नाहीत, टेबलावरच्या कापडावर ठेवायचे, तेही डाव संपल्यावर. हात कॅमेऱ्याला दिसायला हवेत, म्हणून हा नियम. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते उघडे वाटले असतील तर त्यांना हात लावू नकोस आणि एकदा लावलेल्या चिप्सही हलवू नकोस. पत्ता हवा तर बोटाने टेबलावर टकटक, नको तर तळहात आडवा फिरव. रूलेटला, म्हणजे चाक-गोळीच्या खेळात, 'नो मोअर बेट्स' म्हटलं की हात मागे. हे न पाळणारे भेटतातच, आणि सगळं टेबल त्यांच्याकडे बघत बसतं.

फोन खिशात, फोटो नाहीत. शेजाऱ्याला न मागता सल्ला देऊ नकोस. हरलास तर डीलरवर चिडू नकोस, तो बिचारा फक्त पत्ते वाटतो. प्रवेशाच्या पॅकेजमधल्या कुठल्या चिप्स रोख होतात, ते मात्र काउंटरवरच विचारून घे.