एक्स-रे काढलाय, मग गुडघ्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनआधी बारा प्रश्नांचा फॉर्म कशाला?

कारण एक्स-रेला दुखत नाही. सांधा किती झिजलाय ते फिल्मवर कळतं. पण रात्री दुखण्याने झोपमोड होते का, जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, हे फक्त तुम्हालाच ठाऊक. आणि या दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही.

बारा प्रश्न म्हणजे बहुधा 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' (नी म्हणजे गुडघा), रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली. प्रश्न गेल्या 4 आठवड्यांबद्दल असतात, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 48. जास्त गुण म्हणजे गुडघा बरा. तुमचे आधीच 42 असतील तर ऑपरेशनने वाढायला जागाच फारशी नाही. 15 असतील तर गोष्ट वेगळी.

नुसत्या बेरजेवर मात्र निर्णय सोडू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझ्याइतके गुण असलेल्यांना नंतर कितपत फरक पडतो?" तुम्हाला नेमकं काय परत हवंय तेही सांगा. गुडघे टेकून बसायचं असेल तर आधीच बोला, कृत्रिम सांध्यावर ते अनेकांना जड जातं. आणि हो, भिडेखातर दुखणं कमी लिहू नका. फॉर्म भरूनही डॉक्टरांनी त्याकडे पाहिलंच नाही, तर तुम्हीच तो पुढे सरकवा.