नावानिशी सांग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा छोटा कार्टूनपट पाहिला. आधी सरळ पाहिला, मग आवाज बंद करून, मग एकेक फ्रेम पुढे सरकवत. एस.टी. सुटली आहे आणि आजी पिशवी सांभाळत तिच्यामागे धावते आहे, एवढीच गोष्ट. पण कंडक्टर घंटी मारतो, गाडी थांबते, आजी थबकते, तेव्हा तिचा पदर तिच्याबरोबर थांबत नाही. तो दोन चित्रं पुढे जातो, मागे येतो आणि मग कुठे खांद्यावर बसतो. ते पाहून मी सावरून बसले. शरीर थांबलं तरी त्याला लटकलेल्या वस्तू उशिरा थांबतात, हे शिकवायला आम्हाला वर्गात बराच वेळ लागतो. तू ते नुसतं बघून उचललंस.

आता धावण्याबद्दल. आजी धावते, पण तिचं वजन जमिनीला जाणवत नाही. पाऊल टेकल्यानंतरच्या चित्रात गुडघा वाकून अंग खाली यायला हवं, त्यानंतर ते वर उचललं जायला हवं. तुझी आजी डोकं एकाच उंचीवर ठेवून सरकत राहते. अनियन स्किन, म्हणजे आधीचं चित्र खाली फिकट दिसत राहण्याची सोय, चालू कर, प्रत्येक चित्रात तिच्या अंबाड्यावर एक टिंब दे आणि ती टिंबं जोडून बघ. रेष सरळ आली तर धावणं खोटं, वरखाली झाली तर खरं. शिवाय ज्या हातात पिशवी आहे तो खांदा खाली ओढलेला हवा आणि दुसरा हात तोल सांभाळायला बाहेर फेकलेला. तालुक्याच्या स्टँडवर अर्धा तास उभी राहिलीस तरी डझनभर नमुने मिळतील. वही घेऊन जा, मोबाइल खिशातच राहू दे.

हे सगळं सुधारेल. 40 सेकंदांची फिल्म, सेकंदाला 12 चित्रं धरली तरी 480 चित्रं होतात. दहावीच्या वर्षात ज्या मुलीनं ती पुरी केली, तिच्या धावण्याच्या चित्रांची मला काळजी नाही.

मला लिहायचं आहे ते तुझ्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. दर रविवारी तू इतर मुलामुलींची कामं लोकांना दाखवतेस, त्यात अख्खा दिवस जातो, घरचे म्हणतात आधी स्वतःचं बघ. बंद करू का, असं विचारलंयस. बंद करू नकोस. पण आत्ता ज्या पद्धतीनं करते आहेस, त्यात बदल कर. का, ते सांगते.

तुझ्या फिल्मच्या शेवटी एक पाटी येते: ‘सहकार्य : माझे सर्व मित्र’. पत्रात तू लिहिलं आहेस की मागची सगळी दृश्यं वर्गातल्या एका मुलानं पोस्टर कलरमध्ये रंगवली आणि घंटीचा, इंजिनाचा आवाज तुझ्या मैत्रिणीनं स्टँडवर जाऊन रेकॉर्ड केला. ती दृश्यं मी थांबवून पाहिली. पावसानं ओली झालेली फरशी, तिच्यात पडलेलं लाल गाडीचं प्रतिबिंब, अर्धं फाटलेलं वेळापत्रक आणि त्याखालून डोकावणारं जुनं वेळापत्रक. हे ज्या मुलाला दिसलं तो ‘सर्व मित्रां’पैकी एक नाही. त्याला नाव आहे आणि ते पडद्यावर यायला हवं. ‘पार्श्वचित्रं’ असं लिहून पुढे त्याचं नाव, ‘ध्वनी’ असं लिहून पुढे तिचं नाव. रविवारी दहा अनोळखी मुलांचं कौतुक करण्याआधी हे झालं पाहिजे. इतरांना पुढे आणण्याची सुरुवात स्वतःच्या फिल्मच्या श्रेयनामावलीपासून होते, हे माझं पक्कं मत आहे.

‘हिंद देश के निवासी’ हे गाणं तुझ्या आईला पाठ असणार. विचारून बघ. दूरदर्शनवर ‘एक, अनेक और एकता’ ही 1974 सालची छोटी ॲनिमेशन फिल्म लागायची आणि पोरं हातातला खेळ टाकून टीव्हीसमोर यायची. आता हेही विचार की ती केली कुणी. बहुतेकांना सांगता येणार नाही. ती विजया मुळे यांनी केली, ॲनिमेशन भीमसेन यांचं आणि संगीत आपल्या कोकणातल्या वसंत देसाईंचं. एका पिढीच्या तोंडी असलेली गोष्ट, आणि करणाऱ्यांची नावं विचारली की सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्या कलेत हे फार होतं. पात्र लक्षात राहतं, हात विसरले जातात.

बाहेरही हेच झालं आहे. 1930 च्या दशकातली डिस्नेची छोटी कार्टूनं काढून बघ. पाटीवर जवळपास सगळीकडे वॉल्ट डिस्ने हे एकच नाव दिसेल. चित्रं शेकडो माणसं काढत होती. पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर शाईनं रेषा ओढायच्या आणि मागून रंग भरायचे, हे बारीक काम मुख्यतः तरुण मुली करत. 1937 मध्ये स्टुडिओचा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट आला, तेव्हा त्या मुलींची नावं पडद्यावर नव्हती. पुढे 1941 च्या मे महिन्यात तिथल्या कलाकारांनी संप केला. पगार आणि संघटनेचा हक्क हे मोठे मुद्दे होतेच, पण पडद्यावर नाव न येणं हीसुद्धा त्यांची तक्रार होती. आर्ट बॅबिट हा तिथला नावाजलेला, चांगल्या पगाराचा ॲनिमेटर. त्याचं स्वतःचं बरं चाललं होतं. तरी तो कमी पगाराच्या मदतनिसांच्या बाजूनं उभा राहिला आणि त्याची नोकरी गेली. संपाची ठिणगी तिथेच पडली.

आता माझ्या आवडीची हकीकत. डोरेमॉन तू लहानपणी पाहिलायस. तो काढणारा हिरोशी फुजिमोतो आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र मोतोओ आबिको हे दोघं तरुण वयात टोकियोच्या तोशिमा भागात ‘तोकिवासो’ नावाच्या दुमजली लाकडी इमारतीत भाड्यानं राहायचे. साडेचार चटया मावतील एवढ्या खोल्या. त्यांच्या आधी तिथे चित्रकथाकार ओसामू तेझुका राहत होते. तेव्हाही त्यांचं नाव मोठं होतं. 1954 मध्ये त्यांनी खोली सोडली तेव्हा डिपॉझिटची रक्कम आणि आपलं चित्रांचं टेबल या दोघांसाठी मागेच ठेवलं. गावाकडून आलेल्या दोन पोरांना डिपॉझिटचे पैसे कुठून उभे करायचे हा प्रश्नच उरला नाही.

त्या इमारतीत हळूहळू चित्रकथा काढणाऱ्या मुलांचा एक गटच जमला. हिरोओ तेरादा हा त्यांच्यातला थोरला. कुणाचं भाडं थकलं की हा मदत करायचा. फुजिओ अकात्सुका नावाच्या मुलाचं काही जमेना, हे काम सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं, तेव्हा तेरादानं त्याला पैसे दिले आणि थांबवून ठेवलं. त्याच मजल्यावर शोतारो इशिनोमोरी होता, वयानं लहान आणि कामात सगळ्यांच्या पुढे. 1958 मध्ये एका मासिकाला ऐनवेळी पानं भरायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा इशिनोमोरीनं अकात्सुकाचं नाव सुचवलं. त्या पानांतून अकात्सुकाला विनोदी चित्रकथेचा सूर सापडला आणि पुढे जपानमधल्या विनोदी चित्रकथांचा तो बादशहा झाला. हे सगळे एकाच धंद्यातले, त्याच मासिकांच्या त्याच पानांवर डोळा ठेवून बसलेले. तरीही नाव सुचवलं गेलं.

मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की कुणीही ‘आमचा मित्र फार गुणी आहे हो’ असं मोघम सांगत फिरलं नाही. कुणी टेबल दिलं, कुणी भाडं दिलं, कुणी योग्य वेळी संपादकासमोर एक नाव घेतलं.

तुझ्या रविवारांकडे या नजरेनं बघ. मागच्या रविवारी तू दहा जणांची चित्रं एकापाठोपाठ टाकलीस आणि प्रत्येकाखाली ‘एकदम भारी, सपोर्ट करा’ असं लिहिलंस. बघणाऱ्याला दहांतलं एकही नाव आठवत नसेल. दहा नकोत, एक घे. त्या एका फिल्ममधली एकच जागा निवड आणि ती का चांगली आहे ते सांग. उदाहरणार्थ, तू दाखवलेल्या त्या मांजराच्या फिल्ममध्ये, उडी मारण्याआधी मांजर मागे दबतं, ढुंगण दोनदा हलवतं आणि तसंच क्षणभर थांबतं. ती उडी गोड लागते ती त्या थांबण्यामुळे. एवढंच लिही. बघणारा परत जाऊन ती जागा पाहील, काढणाऱ्या मुलाला कळेल की आपलं नेमकं काय जमलं आहे, आणि असं बघण्याची सवय लागली की तुझा स्वतःचा हात सुधारेल. दिवसाचं काम तासाभरावर येईल हा वरचा फायदा. घरचे म्हणतात ते चूक नाही, वेळ जातोच आहे. पण तो दुसऱ्यांचं काम बघण्यात जात नाहीये, दहा व्हिडिओ कापण्या-जोडण्यात जातोय.

दाखवण्याआधी विचारायचं. दरवेळी. कुणाला पूर्ण नाव हवं असेल, कुणाला नुसतं टोपणनाव. तुम्ही सगळी अजून लहान आहात, त्यामुळे शाळा, गाव, फोन यातलं काही द्यायचं नाही. कोपऱ्यातली सही कापली जाणार नाही हे बघ. त्यांच्या चित्राला स्वतःच्या मनानं संगीत जोडू नकोस. खटकलेली गोष्ट चारचौघांत लिहायची नाही. समोरच्यानं विचारलं तर एकट्याला सांगायची.

आणि शोधताना जरा खोल शोध. पात्र काढणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. रंग भरणारी, मधली चित्रं काढणारी, आवाज गोळा करणारी मुलं मागे राहतात. तुझ्या रविवारी त्यांना पहिला मान दे.

एक गोष्ट घडणार आहे, तिची तयारी ठेव. तू पुढे आणलेल्या एखाद्या मुलाची फिल्म तुझ्यापेक्षा दहापट लोक बघतील. पोटात दुखेल. दुखू दे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्या संध्याकाळी त्याची फिल्म उघड आणि फ्रेम फ्रेम करून बघ, त्यानं काय केलंय जे तू केलं नाहीस. उत्तर बहुधा टायमिंगमध्ये सापडेल.

एकटीनं काम करायला मी मना करत नाही. लॅटव्हियातल्या गिंट्स झिल्बालोडिसनं आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट अक्षरशः एकट्यानं केला, चित्रांपासून संगीतापर्यंत. तो 2019 मध्ये आला. पण नंतर त्यानं छोटा गट जमवला, आणि त्या गटानं केलेल्या ‘फ्लो’ला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं. तोही ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. ते फुकट कसं झालं ते तुला ठाऊक असावं. 2002 मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडली होती, हक्क सोडवायला 1 लाख युरो हवे होते, आणि वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ते जमवले. दादाच्या लॅपटॉपवर ते उतरवून घे. त्यात ग्रीस पेन्सिल नावाची सोय आहे, हातानं काढायच्या ॲनिमेशनसाठी तुला पुरेशी आहे. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा अवघड वाटेल, महिनाभर चिकाटी धर.

पैशांचं थोडक्यात. मिठाईच्या दुकानाची जाहिरात करून द्यायचं चाललंय म्हणालीस. काम सुरू करण्याआधी कोण काय करणार आणि कुणाला किती, हे तिघांनी कागदावर लिहा आणि तो कागद घरी दाखवा. ‘पैसे नाहीत, पण नाव होईल’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणायचं. कोणी अनोळखी मोठा माणूस संधी देतो म्हणाला तर आधी आई-बाबांशी बोलायचं, मग उत्तर द्यायचं.

आता कामाचं. आजीचं धावणं पुन्हा काढ, फक्त तेवढी आठ-दहा सेकंदं. शेवटची पाटी नव्यानं कर, दोन्ही नावं कशी लिहायची ते त्यांनाच विचारून. अक्षरं वाचायला पुरेसा वेळ ठेव. आत्ताची पाटी दीड सेकंदात जाते, प्रत्येक नावाला तीन सेकंद तरी दे. दोन्ही मला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाठव. आणि स्टँडची दृश्यं रंगवणाऱ्या त्या मुलाला विचार की त्याची वही मला बघायला चालेल का. चालत असेल तर त्याच्या घरच्यांच्या परवानगीनं पानांचे फोटो पाठवा, दिवसाउजेडी काढलेले, सावली न पडलेले. मी ती आमच्याकडे पार्श्वचित्रं करणाऱ्या बाईंना दाखवणार आहे आणि त्या काय म्हणाल्या ते त्यालाच वेगळं पत्र लिहून कळवणार आहे.

तुझी,
ताई