मुलगी म्हणते मेटाबोलोमिक्स, वडील म्हणतात क्यूसी

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. कॉलेजात एक व्याख्यान झालं तेव्हापासून तिने 'मेटाबोलोमिक्स' हा एकच शब्द धरून ठेवला आहे. तिथे दिवसभर नेमकं काय करायचं असतं, हे तिला आम्हाला समजावता येत नाही. तिच्या वडिलांचं म्हणणं, बी.एड. कर किंवा औषध कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे गुणवत्ता तपासणी) लाग. त्यात तीन दिवसांच्या एका सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात आली आहे, फी बरीच आहे. हे खरंच करिअर आहे का? – एक आई

ताई, नमस्कार.

करिअर आहे. पण 'मेटाबोलोमिक्स सायंटिस्ट' असं पद लिहिलेल्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्या, आणि त्याही बहुतेक पीएचडीनंतरच्या. तरी घरात वाद वाढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या : पहिली दोन-तीन वर्षं मुलीचा आणि वडिलांचा रस्ता एकच आहे. औषध कंपनीच्या क्यूसीत गोळीतलं औषध ज्या एचपीएलसीवर (द्रवातले पदार्थ कॉलम नावाच्या नळीतून वेगवेगळे करणारं यंत्र) मोजतात, त्यालाच मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) जोडला की मेटाबोलोमिक्सचं मुख्य यंत्र तयार होतं.

आता काम. रक्ताचा थेंब घ्या नाहीतर हापूसची फोड, दोन्हींत साखरा, अमिनो आम्लं, मेदाम्लं असे शेकडो-हजारो लहान रेणू, म्हणजे मेटाबोलाइट, असतात. त्यातले जमतील तितके एका वेळी मोजायचे आणि आजारी-निरोगी किंवा कच्चं-पिकलं यांत काय बदललं ते शोधायचं. शब्द नवा आहे, 'मेटाबोलोम' १९९८ मधला. पण अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी १९७१ मध्येच गॅस क्रोमॅटोग्राफीने (पदार्थ वायुरूपात वेगळे करण्याची पद्धत) माणसाच्या श्वासात अडीचशेच्या आसपास पदार्थ वेगळे दाखवले होते. रोजच्या उपयोगाचं उदाहरण हवं असेल तर नवजात बाळाची टाच टोचून कागदावर घेतलेला रक्ताचा ठिपका बघा. त्यात फेनिलअ‍ॅलनीन वाढलेलं दिसलं की पीकेयू हा जन्मजात विकार लक्षणांआधी पकडता येतो आणि वेळेत आहार बदलून मेंदूचं नुकसान टाळता येतं. गोव्यात अशी तपासणी सरकारी पातळीवर २००८ मध्ये सुरू झाली. पिकलेल्या हापूसच्या वासामागचे लॅक्टोन शोधण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये झालं आहे.

दिवस कसा जातो, ते एका नेहमीच्या कामावरून सांगतो. समजा ४० रुग्ण आणि ४० निरोगी माणसं, मिळून ८० प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव) सॅम्पल. प्रत्येकी ५० मायक्रोलीटर प्लाझ्मा घ्यायचा, त्यात उणे २० अंशांवरचं मिथेनॉल २०० मायक्रोलीटर घालायचं, व्होर्टेक्स करायचं (यंत्रावर जोरात घुसळायचं), अर्धा-एक तास पुन्हा उणे २० ला ठेवायचं. प्रथिनं खाली बसतात. मग ४ अंशांवर १४,००० जी, म्हणजे गुरुत्वाच्या १४,००० पट बलाने १५ मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, वरचा द्रव तळ न हलवता उचलायचा, निर्वातात सुकवायचा आणि थोड्या सॉल्व्हंटमध्ये पुन्हा विरघळवायचा. ऐकायला सोपं आहे. सत्तराव्या ट्यूबलाही हात पहिल्यासारखाच चालला पाहिजे, खरी मेख तिथे आहे.

शिवाय प्रत्येक सॅम्पलमधून थोडा थोडा भाग घेऊन एक सामाईक मिश्रण करतात, त्याला पूल्ड क्यूसी म्हणतात. दर आठ सॅम्पलनंतर ते यंत्रात सोडायचं, म्हणजे १०. यंत्र स्थिरावण्यासाठी सुरुवातीला ६. आणि ४ ब्लँक, म्हणजे सॅम्पल नसलेला नुसता सॉल्व्हंट. झाली १०० इंजेक्शनं. एक रन २० मिनिटांचा धरला तर ३३ तास २० मिनिटं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह (रेणूंना धन किंवा ऋण प्रभार देऊन मोजण्याच्या) दोन्ही मोडमध्ये चालवलं तर जवळजवळ तीन दिवस. प्रत्येकातून १० मायक्रोलीटर घेतले तर पूल भरतो ८०० मायक्रोलीटर, म्हणजे ५० चे बरोबर १६ क्यूसी. एक सांडला की संपलं, म्हणून जाणता माणूस प्रत्येकातून १५ मायक्रोलीटर घेतो.

हे सगळं कशासाठी? रन चालू असताना मीठ आणि मेद आयन सोर्सवर (रेणूंना प्रभार मिळतो तो यंत्राचा भाग) साचत जातात आणि सिग्नल हळूहळू घसरतो. तोच क्यूसी पुन्हा पुन्हा मोजलेला असल्यामुळे ही घसरण दिसते. रेणू आला की आलेखावर उंचवटा उठतो, त्याला पीक म्हणतात. एखाद्या पीकची क्षेत्रफळं सगळ्या क्यूसींत मिळून ३० टक्क्यांहून जास्त विखुरली असतील, तर ते पीक सरळ यादीतून काढतात. इथे रडून चालत नाही.

बिघडतं ते बहुधा यंत्राच्या आधी. रक्त घेऊन नळी टेबलावर तशीच राहिली तर लाल पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि लॅक्टेट वाढतं. रुग्णांचं रक्त वॉर्डातून दोन तासांनी आलं आणि निरोगी लोकांचं लगेच गोठवलं, तर जो फरक 'सापडतो' तो आजाराचा नसतो, वॉर्डबॉयच्या फेरीचा असतो. सोमवारी सगळे रुग्ण आणि मंगळवारी सगळे निरोगी चालवले, तर फरक आजाराचा की वाराचा, हे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा सरमिसळ करायचा. प्लॅस्टिक मऊ करणारं थॅलेट त्यातून उतरलं की यंत्रावर ३९१.२८४ या वस्तुमानाच्या आकड्याला पीक देतं. काचसामान साबणाने धुतलं की ४४-४४ च्या अंतरावर पीकांची शिडी उभी राहते, ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल. मुलगी रसायनशास्त्राची आहे, ४४ का, हे तिला विचारून बघा. उत्तर आलं तर चांगलं लक्षण.

या क्षेत्रातल्या मुरलेल्या माणसांची मतं थोडी कडू असतात, आणि ती बरोबर आहेत. 'आम्हाला पाच हजार मेटाबोलाइट सापडले' असं कोणी म्हटलं की ते विचारतात, शुद्ध स्टँडर्डशी ताडून पाहिलेले किती? कारण एकच रेणू प्रोटॉनसह, सोडियमसह, समस्थानिकांसह आणि सोर्समध्येच तुटून अनेक पीक देतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीन या दोन अमिनो आम्लांचं वस्तुमान तंतोतंत सारखं, फक्त कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ वेगळी. रेणू किती खात्रीने ओळखला, याचे चार स्तर २००७ मध्ये ठरवले गेले. पहिला स्तर मिळवायचा तर शुद्ध पदार्थ विकत आणून त्याच यंत्रावर चालवावा लागतो. दुसरं दुखणं पीएलएस-डीए नावाच्या, गट वेगळे करून दाखवणाऱ्या संख्याशास्त्रीय आलेखाचं. सॅम्पल कमी आणि पीक हजारो असतील तर 'रुग्ण', 'निरोगी' ही लेबलं मनाला येतील तशी वाटली तरी हा आलेख दोन सुंदर रंगीत ढग वेगळे करून दाखवतो. पर्म्युटेशन टेस्ट (लेबलं मुद्दाम सरमिसळ करून तरीही तसाच फरक दिसतो का ते बघणं) नसेल तर त्या चित्राकडे ढुंकूनही पाहू नये. आणि रुग्णांच्या गटात सापडलेला झगझगीत 'बायोमार्कर' (आजाराची खूण सांगणारा रेणू) म्हणजे त्यांना दिलेलं पॅरासिटामॉल शरीरातून बाहेर पडताना दिसलं, असं निघू शकतं. सकाळी कॉफी घेतली होती का, हा प्रश्न तिथे चौकशीचा नसून शास्त्राचा असतो.

जिला स्वयंपाकघरातले 'का' सुचतात, तिला हे काम भावतं. दुधातल्या साखरेपासून रात्रभरात लॅक्टिक आम्ल किती झालं, कॉफी जास्त भाजली की तिच्यातला ट्रायगोनेलीन हा पदार्थ का घटतो, हे प्रश्न अगदी याच यंत्रावरचे. पण कुतूहलाइतकाच धीर लागतो, आणि दोन्हींची परीक्षा फुकटात घेता येते.

पहिली परीक्षा कॉलेजच्या प्रयोगशाळेत. चार दशांश दाखवणारा तराजू आणि मायक्रोपिपेट मागून घ्यायचं. १०० मायक्रोलीटर पाणी दहा वेळा टाकून दरवेळी वजन लिहायचं. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. दहा आकड्यांचं प्रमाण विचलन काढून त्याला सरासरीने भागायचं. एक टक्क्याच्या आत आलं तर हात तयार आहे. नाही आलं तर टिप आधी पाण्याने दोन-तीनदा ओली करून, पिपेट सरळ धरून, अंगठा सावकाश सोडून पुन्हा करायचं. तिसऱ्यांदा करताना कंटाळा येतो की चुरस वाटते, ते तिने स्वतःशी प्रामाणिकपणे बघावं.

दुसरी घरी, लॅपटॉपवर. १६ जीबी रॅम असेल तर बरं, कारण एकेक फाइल शेकडो एमबीची असू शकते. मेटाबोलाइट्स (MetaboLights) किंवा मेटाबोलोमिक्स वर्कबेंच या खुल्या संग्रहांतून लघवीच्या सॅम्पलचा एलसी-एमएस (वर सांगितलेल्या जोडयंत्राचा) डेटा, शक्यतो एमझेडएमएल या फाइल-स्वरूपातला, उतरवायचा आणि एमझेडमाइन किंवा एमएस-डायल या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. विद्यार्थ्यांना दोन्ही फुकट मिळतात. पॉझिटिव्ह मोडमध्ये कॅफीन शोधायचं : १९५.०८७७, फरक ५ पीपीएमच्या (दहा लाखांत पाच) आत, म्हणजे साधारण ०.००१. सापडलं की तेच पीक ब्लँकमध्ये आहे का ते पाहायचं. एवढ्यात आठवडा जाईल. त्यानंतर 'आर' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घ्यावी. प्रोग्रॅमिंग नको असेल तर हे क्षेत्र नको, कारण कामाचा निम्मा वेळ डेटात जातो.

पुढचं शिक्षण. 'एमएस्सी मेटाबोलोमिक्स' शोधत बसू नका. अ‍ॅनालिटिकल किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करावी. बायोकेमिस्ट्री तिने बाजूने वाचावी, निदान ग्लायकोलिसिस आणि क्रेब्ज चक्र रेणूंच्या आकृत्यांसह. आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा, विषय केमिस्ट्री, परीक्षा फेब्रुवारीत. अर्ज आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुटतात आणि मुलांची गाडी तिथेच चुकते. एमएस्सीचा प्रकल्प निवडताना मार्गदर्शकाच्या नावापेक्षा एक गोष्ट विचारा : एलसी-एमएस किंवा जीसी-एमएसवर (गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर) ती स्वतः बसणार, की सॅम्पल बाहेर पाठवून निकालाची पीडीएफ येणार?

एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पीएचडीला घरून पैसे लागत नाहीत. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. महिलांना वयोमर्यादेत सवलत आहे. पीएचडीला पाच वर्षं धरून चाला आणि लग्नाचा विषय निघणार असेल तर तो हा आकडा समोर ठेवून काढा.

पीएचडी नको वाटली तरी एमएस्सी आणि हातात मास स्पेक हे नाणं चालतं. औषधांच्या बायोअ‍ॅनालिटिकल लॅब, अन्नतपासणीच्या प्रयोगशाळा, यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांतलं अ‍ॅप्लिकेशनचं काम, नवजात तपासणी. द्राक्षं निर्यात होण्याआधी त्यांतले कीटकनाशकांचे अंश मोजावे लागतात आणि त्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. तासगावच्या पंचक्रोशीत राहून हे वडिलांना समजायला अवघड जाऊ नये. तिथे मेटाबोलोमिक्स म्हणत नाहीत, पण सॅम्पलमधून रेणू काढणं, क्यूसी, ब्लँक, स्टँडर्ड हे सगळं तेच. बी.एड.चा दरवाजा एमएस्सीनंतरही उघडाच असतो.

काळजीचं म्हणाल तर मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल विषारी आहेत, पिरिडीनचा वास घरापर्यंत येतो. फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) नीट चालत असेल आणि हातमोजे वापरले तर भीती नाही. माणसाचं रक्त हाताळण्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करावी. तीन डोस लागतात आणि त्याला सहा महिने जातात, म्हणून आत्ताच सुरू केलेली बरी.

राहिला तो तीन दिवसांचा कोर्स. पैसे भरण्याआधी मुलीने त्यांना चार प्रश्न लेखी विचारावेत : एका यंत्रावर किती विद्यार्थी, मी स्वतः किती इंजेक्शनं देणार, आमच्या सॅम्पलचा कच्चा डेटा घरी नेता येईल का, आणि क्यूसी-ब्लँक आमच्या हातून लावून घेणार का. 'प्रात्यक्षिक दाखवलं जाईल' एवढंच उत्तर आलं, तर ते पैसे रॅम वाढवण्यात घालवा.