बंड्या मुलासाठी झुरत होता?

"मॅडम, दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, नुसता थरथरतोय. मनाला काही लागलं असेल का हो त्याच्या?"

पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचं मी समुपदेशन करते. हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: मनाकडे नंतर वळू, आधी पशुवैद्याकडे जा. कुत्र्याचं अंग एरवीच 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. हिरड्या पांढुरक्या दिसतात का, लघवी गडद झाली आहे का, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी आहेत का, ते बघा. गोचीड तापात असं होतं. उंदराचं औषध पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट पाहू नका. लहान पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी साखर उतरून थरथरू शकतं. आणि आपल्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या कृपा करून देऊ नका, त्यांनी कुत्री दगावतात.

कोथरूडच्या एक काकू मात्र हे सगळं करूनच आल्या होत्या. बंड्या त्यांचा नऊ वर्षांचा गावठी कुत्रा. रक्ताचे रिपोर्ट चांगले, ताप नाही. मुलगा जर्मनीला गेला आणि महिन्याभरात हे सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की बंड्या पलंगाखाली जाऊन कापत बसे.

"दादासाठी झुरतोय तो," काकू प्रत्येक भेटीत म्हणायच्या. मीही दोन भेटी त्याच वाटेनं गेले.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "अगदी काहीच खात नाही?"

"भांड्याकडे बघतसुद्धा नाही. माझ्या हातून पोळी घेतो तेवढी."

"तेव्हा तुम्ही कुठे बसलेल्या असता?"

"सोफ्यावर. तो समोर उभा."

मी लिहिता लिहिता थांबले. भांडं जमिनीवर होतं आणि पोळी त्याच्या तोंडाच्या उंचीवर.

"काकू, आज भांडं स्टुलावर ठेवून बघा."

रात्री फोन आला. बंड्यानं दहीभात संपवला होता. त्याची भूक शाबूत होती, मान खाली घालणं त्याला जमत नव्हतं. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं दुखणं लपवतं, म्हणून ते आधी दिसलं नव्हतं. मानेचा एक्स-रे काढायला मी सुचवलं आणि मणक्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी औषध आणि सक्तीची विश्रांती दिली, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा सांगितला.

शिट्टीचाही उलगडा झाला. दचकलं की मान आखडते, कळ येते आणि कुत्रं ती कळ त्या आवाजाच्या खाती मांडतं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना अंगाचं दुखणं होतं, त्यांची भीती बरीच उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली आढळली. म्हणून उभं आयुष्य फटाक्यांत शांत झोपलेलं कुत्रं उतारवयात अचानक आवाजाला भिऊ लागलं, तर मी आधी सांधे आणि मणका तपासून घ्यायला सांगते. त्यानंतर बरेच बंड्या असे वेळेत सापडले, याचं मला समाधान आहे.

पण घरातल्या एकाचं दुःख दुसऱ्याच्या नावावर सांगितलं जातं, हे मी इतक्या वर्षांत फार पाहिलंय. बंड्यासाठीच्या शेवटच्या भेटीत मी विचारलं, "आणि काकू, तुम्ही रात्री काय जेवता?"

त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "एकटीसाठी कुठे कुकर लावायचा? चहा-पोळी खाते."

"मग शिट्टी कसली होते?"

"बंड्याच्या भाताची."

त्यानंतरच्या दोन भेटी काकूंच्याच होत्या. बंड्या बरोबर यायचा आणि माझ्या टेबलाखाली झोपायचा.