कान पुढे आले की बोट दाबा
(वाचकांचे प्रश्न : जनावरांचे फोटो)

प्रश्न : भाऊ, काकांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून काठेवाडी घोडी आणली. मी मोबाइल घेऊन जवळ गेलो की ती कान पाडते, मान फिरवते. फोटो आलाच तर डोकं बादलीएवढं आणि पाय काडीएवढे. कोणता कॅमेरा घेऊ?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : कॅमेरा तूर्त घेऊ नका. तुमच्या घोडीला मोबाइलची नाही, तुमच्या येण्याची अडचण आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. आपण फोटोसाठी नेमके नाकासमोर जातो, हात उंच करतो, आणि वर म्हणतो घोडी बुजते! खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. काय बोलता ते महत्त्वाचं नाही, कापसाचा भाव सांगितला तरी चालेल. पहिले काही दिवस मोबाइल खिशातच राहू द्या. काका खरारा करतात, म्हणजे ब्रशनं तिचं अंग घासतात, तेव्हा शेजारी उभं राहा, मग थोडा खरारा तुम्ही करा. तोंडाला हात लावायची घाई नको. मानेच्या बुंध्याशी, आयाळ संपते तिथं खाजवा. घोड्या एकमेकींना तिथंच खाजवतात. खालचा ओठ सैल सुटला, मागचा एक पाय टेकवून आरामात उभी राहिली, की मोबाइल बाहेर काढा आणि तिला हुंगू द्या.

यात्रेत घोड्यांची निगा राखणाऱ्या एका म्हाताऱ्या मोतद्दारानं मला दरडावलं होतं, ‘आधी त्याना कान देख, मंग फोटू काढ.’ यापेक्षा जास्त मला आजही सांगता येत नाही. एक कान तुमच्याकडे वळला तर ती ऐकतेय. दोन्ही मागे चिकटले तर मागे सरा, त्या दिवशीचं काम संपलं. काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. ही ऐट कान पुढे आल्यावरच फोटोत उतरते. त्यासाठी कुणी टाळ्या पिटतं, कुणी प्लॅस्टिकची पिशवी फडफडवतं. एकदा कान उभे राहतात, पुढच्या वेळी घोडी तुम्हाला पाहूनच बिथरते. त्यापेक्षा काकांना थोडं लांब उभं करून चंदीचा, म्हणजे तिच्या दाण्याचा, डबा वाजवायला सांगा. आणि डबा वाजला की घास द्यायचाच! रिकामा डबा तिला लगेच कळतो.

आता डोकं मोठं येण्याचं. मोबाइलची साधी लेन्स रुंद असते, जवळून घेतलं की पुढे असेल ते फुगतं. दहा-पंधरा फूट मागे जा, दुप्पट झूम लावा, मोबाइल घोडीच्या छातीच्या उंचीवर धरा. फ्लॅश बंद. रंग पांढरा असेल तर पडद्यावर तिच्या अंगावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर अंगाचा नुसता चुना दिसतो.

पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत फोटो काढायचे असतील, तर सकाळी लवकर जा. दुपारी ढोल आणि गर्दीनं घोडे वैतागलेले असतात. मालकाला विचारल्याशिवाय अगाडी-पिछाडीच्या, म्हणजे घोड्याला पुढून-मागून बांधलेल्या, दोरांच्या आत पाऊल टाकू नका. दोन पायांवर नाचवलेल्या घोड्याचे फोटो मी काढत नाही. त्याचे डोळे पाहा, कारण कळेल.

प्रश्न : आमचा काळा कुत्रा कॅमेरा दिसला की तोंड फिरवतो आणि जांभया देतो. कंटाळतो का?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : कंटाळत नाही, अवघडतो. झोपेची वेळ नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, मान वळवणं ही सगळी ‘पुरे करा’ची भाषा. कुत्र्यांत टक लावून पाहणं म्हणजे दमदाटी, आणि तुम्ही काच त्याच्यावर रोखलेली असते. कॅमेरा चालू करून जमिनीवर ठेवा, शेजारी तिरके बसा, कॅमेऱ्याचा आवाज बंद करा. सारखी नावानं हाक मारू नका, काही वेळानं तो नावालाही ओ देणार नाही. काळ्या अंगाला ऊन नको, उघड्या दाराजवळचा बाजूचा उजेड हवा. फोकस डोळ्यावर. जळगावच्या मे महिन्यात दुपारी तर त्याला गार फरशीवरून उठवूच नका, तिथंच काढा.

प्रश्न : मांजर एका जागी बसतच नाही.
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : बोलावू नका. खिडकीजवळ रिकामा खोका ठेवा आणि तुमचं काम करत राहा. आत बसली आणि तुमच्याकडे पाहिलं, की डोळे सावकाश मिटून उघडा. तिनंही तसंच केलं तर फोटो घ्या. खोक्यावरची छापील बाजू मात्र भिंतीकडे करा, नाहीतर मांजरापेक्षा जाहिरातच ठळक येते.